कमळजा मुलांनी पाहावी की नाही

चार शहाणी माणसं एकत्र बसून पाचव्यानं काय पाहावं हे ठरवायला लागली, की रिपोर्टापेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. रिपोर्ट एका पानाचा. तो कपाटात जातो आणि पुढचा निकाल वाळवी लावते. किस्से मात्र माणसांच्या तोंडी राहतात आणि दर वर्षी थोडे थोडे अंगानं भरत जातात. आमच्या कमिटीचे किस्से मी ठाण्यात इतक्या ओट्यांवर, इतक्या वेगवेगळ्या प्रकारे ऐकलेत, की शेवटी म्हटलं आपणच सांगून टाकावेत. त्या कमिटीचा चिटणीस मी होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडची गोष्ट. मी ठाण्यातल्या एका इंग्रजी शाळेत मास्तर होतो. वय सव्वीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्या थंडीत एक नाटक कंपनी गावात आली आणि तिनं तळ्याच्या काठी मांडव ठोकला. नाटक होतं ‘संगीत कमळजा’. जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातलं. डोंगरी किल्ल्यावरच्या किल्लेदाराची मुलगी कमळजा, आणि किल्ल्याच्या दाराशी जखमी होऊन पडलेला तरुण सरदार माधवराव. ती त्याची शुश्रूषा करते, मनं जुळतात, मध्ये एक पाताळयंत्री कारभारी आहेच, आणि पाचव्या अंकात लग्न. पदं म्हणाल तर साठाच्या वर.

आठवड्याभरात ती पदं शाळेत शिरली. भूगोलाच्या तासाला एक मुलगा नद्यांची नावं म्हणायला उभा राहिला. तापी, नर्मदा, गोदावरीपर्यंत नीट आला. तिथून पुढे कृष्णा, भीमा आणि तुंगभद्रा कमळजाच्या विरहाच्या चालीवर वाहायला लागल्या. वर्गानं बाकांवर ठेका धरला. नेमके तेव्हाच हेडमास्तर व्हरांड्यातून चालले होते.

आमचे हेडमास्तर बापूसाहेब उंच आणि मितभाषी. उपरण्याची घडी कधी विसकटलेली कोणी पाहिली नव्हती. त्यांनी कोणाला छडी मारली नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लावली: ‘सदर नाटक बारा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी पाहण्यास योग्य आहे किंवा कसे, याविषयी कमिटी अभिप्राय देईल. तोवर मांडवात जो विद्यार्थी आढळेल त्याचे नाव शाळेतून कमी होईल.’

मॅट्रिकच्या उंबरठ्यावरच्या मुलाचं नाव कमी होणं म्हणजे कारकुनी गेली, कोर्टातली नोकरी गेली, सगळंच गेलं. मुलं गप्प झाली. कमिटीत तिघं: संस्कृतचे शास्त्रीबोवा, ड्रॉइंगचे इनास मास्तर आणि लिहून घ्यायला मी.

*

पहिली बैठक शास्त्रीबोवांच्या वर्गात. नाटकाचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं ठरलं. शास्त्रीबोवा साठीला आलेले, आवाज खणखणीत. त्यांनी मांडी घालून पुस्तक समोर धरलं आणि माधवरावाचं प्रेमाचं भाषण वाचायला सुरुवात केली. “हे कमलनयने, तुझ्या एका दृष्टिक्षेपासाठी हा देह...” त्यांनी आयुष्यभर पोथ्या वाचलेल्या, त्यामुळे प्रत्येक वाक्य श्राद्धाच्या संकल्पासारखं ऐकू येत होतं. इनास मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना हसू आलं की ते नेहमी खिडकीबाहेर बघत.

दोन पानं झाल्यावर शास्त्रीबोवांनी पुस्तक मिटलं. “दृष्टिक्षेप आहे, बाहुपाश आहे, अधरही आहे. कोवळ्या मनाला हे घातक.”

मी भीत भीत म्हटलं, “शास्त्रीबोवा, इंग्रजी सहावीला आपण जे काव्य शिकवता, त्याच्या तिसऱ्या सर्गात याहून बरंच काही आहे.”

“आहे ना.”

“मग?”

“ते संस्कृतात आहे,” शास्त्रीबोवा शांतपणे म्हणाले. “पोरं अन्वय लावेपर्यंत परीक्षा येते.”

*

दुसऱ्या अंकात कमळजा बापासमोर उभी राहून सांगते की मला हाच नवरा हवा. शास्त्रीबोवांनी या पानाला बोटभर लांब कागदाची खूण घातली. “मुलीनं बापाला असं सांगायचं? ही कुठली रीत?”

इनास मास्तर तोवर काहीच बोलले नव्हते. घोडबंदरच्या रस्त्याला त्यांची वाडी होती. घरची भातशेती, वडील देवळात बाजा वाजवायचे. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. आमच्याशी बोलताना ते जपून बोलत, पण रंगात आले की वाडीची भाषा सुटायची.

“आमचेत इचारतात,” ते म्हणाले.

“काय विचारतात?”

“पोरीला इचारतात. आधी बाप इचारतो. मंग पाद्री बोलावून इचारतो. मंग लग्नाच्या दिवशी देवलात, सगल्या गावासमोर परत इचारतो, हा नवरा कबूल हाय का म्हनून. तीनदा.”

शास्त्रीबोवा विचारात पडले. तीनदा विचारणं त्यांना शास्त्रशुद्ध वाटलं असावं. “आणि मुलगी काय म्हणते?”

“आमची बायको तीनदा हो बोलली,” इनास मास्तर म्हणाले. “त्याच्यानंतर आजपातूर एकदा बी नाय.”

त्या पानातली खूण शास्त्रीबोवांनी काढली नाही, पण त्यावर पुढे चर्चाही झाली नाही.

*

मग वयाचा प्रश्न आला. नोटिशीत बारा ते अठरा होतं, आणि शास्त्रीबोवांच्या मते ते कोवळं वय. मी सातवीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाचा, पट मागवला. एकोणीस मुलं. त्यांतली तेरा लग्न झालेली.

त्याच दिवशी गोविंद नावाच्या मुलाचा रजेचा अर्ज आला. वय सतरा. ‘घरी मुलीचे बारसे असल्याने दोन दिवस रजा मिळावी.’ मला वाटलं बहिणीच्या मुलीचं असेल. चौकशी केली तर मुलगी त्याचीच.

मी तो अर्ज कमिटीपुढे ठेवला. गोविंदाला प्रेमप्रसंग पाहू द्यावा की नाही हे आम्हाला ठरवायचं होतं. शेवटी इनास मास्तरांनी मार्ग काढला. पालकाच्या लेखी परवानगीनं यावं, जबाबदारी पालकाची. सगळ्यांना पटलं. मुलांना तसं सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात गोविंदाची चिठ्ठी आली. अक्षर त्याचंच, सही त्याचीच. मी त्याला बोलावलं. “गोविंदा, पालकाची सही हवी.”

“सर, वडील वारले त्याला तीन वर्षं झाली. आई आहे, आजी आहे, बायको आहे आणि आता मुलगी. घरचा कर्ता मीच.”

“म्हणजे तूच तुला परवानगी दिलीस?”

“आधी देत नव्हतो सर,” तो म्हणाला. “अभ्यास राहिलाय म्हणून. मग आईनं रदबदली केली.”

तो हे थट्टेनं म्हणाला नव्हता. मी चिठ्ठी फायलीत लावली.

*

कल्याणचा किस्सा आमच्या कमिटीचा नाही, पण आमच्यावर त्याचा परिणाम झाला म्हणून सांगतो. ठाण्याला येण्याआधी ही कंपनी कल्याणात होती. तिथल्या एका शाळेच्या मास्तरांनी आमच्यासारखी चर्चाबिर्चा केली नाही. सरळ बंदी घातली. पण माणूस पद्धतशीर. कोणते प्रसंग आक्षेपार्ह, कोणत्या अंकात, कोणत्या पानावर, कितव्या ओळीला, अशी यादी केली आणि प्रत्येक वर्गात वाचून दाखवली.

दोन दिवसांत कल्याणात नाटकाच्या पुस्तकाची एकही प्रत मिळेना.

हे ऐकून शास्त्रीबोवांनी आमच्या पुस्तकातल्या सगळ्या खुणा उपसून काढल्या. “आता कशावर आक्षेप होता ते आपल्यालाही आठवायला नको,” ते म्हणाले.

*

नट कोण, कसे राहतात, हे पाहून यावं म्हणून इनास मास्तरांना आम्ही एका सकाळी मांडवाकडे धाडलं. ते चित्रांची वही घेऊन गेले आणि दोन तासांनी परतले. वहीत एकच चित्र होतं. दोरीवर तीन नऊवारी लुगडी वाळत घातलेली आणि त्यांच्या सावलीत उकिडवा बसून दातांना मिश्री लावणारा एक मुलगा.

“ही कमळजा,” इनास मास्तर म्हणाले.

त्याचं नाव वासू. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत, यात नवल काहीच नव्हतं. आम्ही दचकलो ते त्याचं वय ऐकून. वासू सोळा वर्षांचा होता. आठव्या वर्षी कंपनीत आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. साठ पदं आणि पाच अंकांची भाषणं त्यानं कानानं पाठ केली होती.

“त्याला सांगितलं काय कमिटीचं?” मी विचारलं.

“सांगितलं. बोललो, तुझ्यायेवढ्या पोरांनी हा खेल बघावा का नाय ते आमी ठरवतो.”

“काय म्हणाला?”

इनास मास्तर वही मिटत म्हणाले, “बोलला, मला बी एकदा बघायचाय. आठ वर्सं झाली, मी कदी बगितलाच नाय. मी सारका आतच असतो.”

त्या दिवशीच्या टिपणात मी लिहिलं: ‘नायिकेचे काम करणारा नट स्वतः सोळा वर्षांचा आहे. त्याच्याविषयी कमिटीस काही सुचले नाही.’ हे वाक्य अजून तिथं असेल, वाळवीनं सोडलं असेल तर.

*

निव्वळ पुस्तकावरून निर्णय देणं बरं नव्हे, असं ठरून कंपनीच्या मालकांनी आमच्यासाठी दुपारची तालीम ठेवली. एवढा मोठा मांडव आणि पुढे आम्ही तिघं. कनातीतून ऊन आत आलेलं, तळ्यावरून धुण्याचे आवाज. पेटीवाला घाम पुसत बसला होता.

वासू लुगडं नेसून बाहेर आला आणि सकाळच्या त्या चित्रातला मुलगा कुठं गेला ते कळलं नाही. माधवराव लढाईवर निघालाय, कमळजा तटावर उभी आहे, आणि ती त्याला थांब म्हणत नाही. दिवा कुठल्या खिडकीत ठेवीन तेवढंच सांगते. साधंच पद होतं ते, शब्दांत काही विशेष नव्हतं.

मी शेजारी पाहिलं. शास्त्रीबोवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. त्यांची बायको जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. घरात ते आणि एक पुतण्या. त्यांच्या तोंडून तिचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

पद संपलं. मालक अदबीनं पुढे आले. “शास्त्रीबोवा, काही दोष वाटला?”

शास्त्रीबोवांनी घसा खाकरला. “वाटतोय खरा. पण नेमका कुठं ते ध्यानात आलं नाही. पुन्हा म्हणायला सांगा.”

वासूनं पुन्हा म्हटलं. ते संपल्यावर शास्त्रीबोवा म्हणाले, “अजूनही नाही सापडला.”

वासूनं ते पद त्या दुपारी चार वेळा म्हटलं.

*

पुस्तक घरी आणायची मला परवानगी होती, चिटणीस म्हणून. एका संध्याकाळी बघतो तर माझी बायको यमुना चुलीपुढे बसून तेच वाचत होती. तिला मीच वाचायला शिकवलं होतं, माझ्या आईच्या नकळत. ती तेव्हा सतरा वर्षांची.

“कुठवर आलीस?” मी विचारलं.

“कमळजा बापाला सांगते तिथवर. त्याला ती पहिल्यांदा कधी दिसली, तो काय बोलला, हिला काय वाटलं, सगळं सांगते.” तिनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं. “तुम्हाला आपलं लग्न आठवतं?”

“आठवतं की. मी अठरा वर्षांचा होतो.”

“मला नाही आठवत. मी नऊ वर्षांची. मी झोपले होते. मंगलाष्टकं कोणी म्हटली, अंतरपाट कधी दूर झाला, काही ठाऊक नाही. मामानं मला उभी धरली होती असं म्हणतात.”

मी चुलीत लाकूड सारलं.

मग ती म्हणाली, “तुमची कमिटी मुलांचं ठरवतेय. हे मुलींनी पाहिलं तर काय, ते कोणी विचारलं का?”

“मुली कुठं येतात नाटकाला?”

“येत नाहीत म्हणूनच विचारलं नाही, की विचारायला नको म्हणून येऊ देत नाहीत?”

मी तिच्याकडे बघितलं. तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. “राहू द्या. रिपोर्टात लिहू नका. तुमची नोकरी कायम व्हायचीय.”

आणि मी खरंच लिहिलं नाही. किस्सा सांगायला सोपा आहे, पण हे वाक्य सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

*

आता चौथा अंक. त्याबद्दल मी इतका वेळ काही बोललो नाही, कारण आम्हीही शेवटच्या बैठकीपर्यंत बोललो नव्हतो. दृष्टिक्षेप, बाहुपाश, बापाला उत्तर देणं, या सगळ्यावर आम्ही तीन आठवडे काढले. खरा प्रश्न कोणता होता हे तिघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

चौथ्या अंकात कमळजा माधवरावाला सांगते की ती विधवा आहे. सातव्या वर्षी लग्न झालं, आठव्या वर्षी नवरा नदीत बुडाला, त्याचा चेहराही तिला आठवत नाही. माधवराव ते ऐकतो आणि तरीही पाचव्या अंकात लग्न होतं.

गावात पुनर्विवाहाचं नाव काढलं तरी पंक्ती मोडत, असे ते दिवस. पण आम्ही गप्प होतो त्याचं कारण गाव नव्हतं. आमच्या बापूसाहेबांची मुलगी दुर्गा पंधरा वर्षांची होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. बापूसाहेबांनी तिचं केशवपन होऊ दिलं नाही. तेवढ्यावरून त्यांच्या सख्ख्या बहिणीनं त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. त्याहून पुढे जायचं धाडस मात्र त्यांनाही झालं नव्हतं. चार वर्षांत दुर्गा परसातल्या विहिरीपलीकडे कोणाला दिसली नव्हती. आम्ही बापूसाहेबांकडे कामानिमित्त जायचो तेव्हा आतल्या दाराचा पडदा हलायचा, एवढंच.

शेवटच्या बैठकीत शास्त्रीबोवा म्हणाले, “हा भाग गाळावा. कमळजा कुमारिका करावी. हे असं दाखवलं तर निम्मे लोक आपली मुलं शाळेतून काढतील.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि बापूसाहेबांनी तरी ते कसं बघावं?”

मी मान डोलावली. नोकरीचा विचार मनात होता, हे कबूल करतो. इनास मास्तर म्हणाले, “ही तुमचे घरातली गोष्ट हाय. मी नाय बोलनार.” पण त्यांचा चेहरा नाराज होता.

कंपनीच्या मालकांनी लगेच मान्य केलं. सात-आठ वाक्यं आणि एक पद जाणार होतं. मी रिपोर्ट लिहिला: पालकांसह मुलांनी पाहण्यास हरकत नाही, मात्र चौथ्या अंकातील अमुक भाग वगळून. शनिवारी रिपोर्ट आणि चौथ्या अंकात खुणा केलेलं पुस्तक बापूसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते तिथं वाचलं नाही. उपरण्यात गुंडाळून घरी नेलं.

सोमवारी त्यांनी मला बोलावून दोन्ही परत दिलं. ‘अमुक भाग वगळून’ या शब्दांवर काट मारलेली होती आणि समासात त्यांच्या अक्षरात दोन शब्द होते: ‘मुळाबरहुकूम व्हावे.’

शास्त्रीबोवा माझ्या मागे उभे होते. “बापूसाहेब, लोक बोलतील.”

“बोलतील,” बापूसाहेब म्हणाले आणि पुढचा कागद हातात घेतला.

शाळेसाठी वेगळा ठेवलेला खेळ पुढच्या शनिवारी दुपारी होता. बातमी फुटली होतीच. चार दिवसांत अकरा मुलांची नावं पालकांनी शाळेतून काढून नेली. एका वकिलानं बापूसाहेबांना भर रस्त्यात नमस्कार करायचं टाळलं. तरी मांडव निम्म्याहून अधिक भरला. मुलं, त्यांचे वडील, काही थोरले भाऊ. गोविंदा, स्वतःचा पालक म्हणून, मोठ्या माणसांत बसला होता. एका बाजूला बांबूच्या चिकाचा पडदा लावून पाचसहा बायकांची सोय केलेली, त्यांत यमुना होती. शाळेच्या सतरंज्या अंथरल्या होत्या. शास्त्रीबोवा पुढच्या रांगेत, गुडघे दुखायचे म्हणून घरून आणलेल्या तक्क्याला टेकून.

नांदी व्हायच्या बेताला बापूसाहेब आले. त्यांच्या मागून दुर्गा.

साधं लुगडं, कपाळ रिकामं, पदर डोळ्यांपर्यंत. मला वाटलं ते तिला चिकाच्या पडद्याआड नेतील. ते पडदा मागे टाकून पुढे चालत आले. सगळ्या मांडवातून, त्या सगळ्या माणसांमधून, पहिल्या रांगेपर्यंत. तिथं त्यांनी तिला शास्त्रीबोवांच्या शेजारची जागा दाखवली. ती बसली. मग ते बसले.

पेटीवाल्याचे हात थांबले होते. मागे कोणीतरी मुलाला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर नेलं. पाठोपाठ आणखी एक जण उठला. सगळे शास्त्रीबोवांकडे बघत होते. गावात धर्माचा शब्द त्यांचा. ते उठले की मांडव उठणार.

शास्त्रीबोवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. वाकून त्यांनी आपला तक्क्या उचलला, दुर्गेच्या पाठीशी ठेवला आणि पुन्हा जागेवर बसले. मग पेटीवाल्याला म्हणाले, “का थांबलात?”

खेळ झाला. चौथा अंक मुळाबरहुकूम झाला. नवऱ्याचा चेहराही आठवत नाही, असं वासू म्हणाला तेव्हा मांडवात कोणी खोकलंही नाही. मी दुर्गेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा बघितलं. तिचा पदर कपाळावरून मागे गेला होता आणि ती तो सावरत नव्हती.

भरतवाक्य झालं. मुलं पदं गुणगुणत पांगली. शास्त्रीबोवा काठी टेकत गेले, तक्क्या न घेताच. मांडव रिकामा झाला. आमचा शाळेचा म्हातारा शिपाई धर्मा मागच्या बाजूनं सतरंज्या गुंडाळत पुढे आला आणि शेवटच्या सतरंजीशी थांबला. दुर्गा पडलेल्या पडद्याकडे बघत बसली होती. बापूसाहेब तिच्या शेजारी, मांडीवर छत्री आडवी ठेवून.

धर्मानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तेवढ्यात बापूसाहेब मागे न बघता म्हणाले, “धर्मा, ही राहू दे. ही उद्या नेलीस तरी चालेल.”